जुन्या लेथच्या स्पिंडलचे बेअरिंग बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही बोळात शिरले, की एखाद्या शटरच्या आत तीस-चाळीस वर्षे चाललेला लेथ, म्हणजे धातू कातण्याचे यंत्र, हमखास दिसतो. ऑइल इंजिनचे सुटे भाग, पंपाचे शाफ्ट, गुऱ्हाळातल्या चरकाचे रोल, फौंड्रीतून आलेली बिडाची कास्टिंग असे सगळे त्याच्यावर उतरलेले असते. इतक्या वर्षांत त्याच्या बेडचे आणि हेडस्टॉकचे (स्पिंडल ज्यात बसते त्या पेटीचे) बीड चांगले मुरलेले असते. असा लेथ केवळ स्पिंडल (कातायचा तुकडा फिरवणारा मुख्य दांडा) वाजते म्हणून भंगारात जाताना पाहिला, की मनापासून वाईट वाटते, कारण पुष्कळदा दोष दोन बेअरिंगांपुरता आणि त्यांच्या बसकेपुरता मर्यादित असतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल भागातले कारागीर हे काम हाती घेताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

स्पिंडलचे बेअरिंगच गेले आहे, हे खात्रीने कसे ओळखावे?

जॉबवर (कातायच्या तुकड्यावर) चॅटर, म्हणजे थरथरीच्या रेघा, येणे, फिनिश बिघडणे, जॉब गोल न येणे किंवा हेडस्टॉकमधून घरघर ऐकू येणे ही लक्षणे सर्वांना ठाऊक असतात. पण यातले एकही लक्षण फक्त बेअरिंगचे नसते. सॅडलची किंवा क्रॉस स्लाइडची गिब (सरकत्या भागातली फट भरणारी पट्टी) सैल असेल, टूल जास्त बाहेर काढलेले असेल, चकाची (जॉब पकडणाऱ्या जबड्याची) बॅक प्लेट नीट बसलेली नसेल किंवा टेलस्टॉकचे क्विल झिजलेले असेल, तरी असाच चॅटर येतो. हेडस्टॉकमधला आवाज कित्येकदा गिअरचा निघतो. म्हणून बेल्ट काढून, गिअर न्यूट्रलला ठेवून, स्पिंडल हाताने मोकळे फिरते अशा स्थितीत आधी मोजमाप करावे.

डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड हेडस्टॉकवर किंवा बेडवर लावावा आणि टोक स्पिंडलच्या नाकावरच्या, चक ज्यावर बसतो त्या घासलेल्या भागावर टेकवावे. स्पिंडल सावकाश फिरवले असता डायलमध्ये जो फरक दिसतो तो रनआउट होय. चांगल्या स्थितीतल्या साध्या सेंटर लेथवर तो ०.०१ मि.मी.च्या आत असावा. त्यानंतर स्पिंडल न फिरवता, चकात साधारण एक फूट लांबीचा दांडा धरून तो हाताने वर उचलावा आणि खाली दाबावा. येथे डायलच्या काट्याच्या हालचालीकडे नीट लक्ष दिले पाहिजे. निरोगी स्पिंडलमध्येही काटा थोडा सरकतो, मात्र तो जोराच्या प्रमाणात हळूहळू सरकतो आणि हात सोडताच जागेवर परत येतो; ही लोखंडाची लवचीकता आहे. बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलाई, असेल तर अगदी हलक्या हातानेसुद्धा काटा एकदम दोन-चार घरे उडी घेतो, तेथे थांबतो आणि मग जोर लावेल तसा हळूहळू पुढे जातो. ती पहिली उडी म्हणजे प्ले. हीच चाचणी डायल स्पिंडलच्या तोंडावर लावून, स्पिंडल मागे-पुढे ढकलूनही करावी.

रनआउट जास्त आणि प्ले शून्य, असेही अनेकदा आढळते. तेव्हा स्पिंडलचे नाक ठोकले गेले आहे का, किंवा स्पिंडल वाकले आहे का, याचा तपास आधी करावा. वाकलेल्या स्पिंडलवर नवे बेअरिंग चढवून काहीच साधत नाही.

नुसते नट आवळून काम भागत नाही का?

पुष्कळदा भागते, आणि म्हणूनच बेअरिंग विकत आणण्यापूर्वी हा प्रयत्न जरूर करावा. टेपर रोलर बेअरिंगच्या स्पिंडलला मागच्या बाजूस प्ले काढण्यासाठी चेकनट दिलेला असतो. वर्षानुवर्षे त्याला कोणी हात लावलेला नसतो. लॉक वॉशर सोडवून नट अंशाअंशाने आवळावा, दर वेळी डायल बघावा आणि स्पिंडल हाताने फिरवून पाहावे. प्ले गेला, स्पिंडल सर्वत्र सारख्या जोराने फिरते आहे आणि तासभर चालवूनही हेडस्टॉक फार तापत नाही, तर बेअरिंग अजून कामाचे आहे. प्ले गेल्यावर स्पिंडल एका जागी हलके आणि दुसऱ्या जागी जड लागत असेल, किंवा बोटांना बारीक खडखड जाणवत असेल, तर रेस (रोलर ज्यावर धावतात ते कडे) खराब झालेली आहे आणि बदलण्याला पर्याय नाही.

आपल्या लेथमध्ये कोणत्या जातीचे बेअरिंग आहे, हे कसे कळते?

जुन्या लेथमध्ये मुख्यतः तीन प्रकार भेटतात. पहिला गनमेटलच्या किंवा व्हाइट मेटलच्या बुशचा, म्हणजे रोलर नसलेल्या साध्या कड्याचा. दुसरा पुढे आणि मागे टेपर रोलर बेअरिंगचा. आणि तिसरा पुढे दुहेरी ओळीचे सिलिंड्रिकल रोलर बेअरिंग व सोबत थ्रस्ट किंवा अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी अशा मांडणीचा. तिसऱ्या प्रकारातल्या पुढच्या बेअरिंगचा आतला बोअर (भोक) १:१२ टेपरचा असतो. त्यामुळे आतली रेस टेपरवर जितकी वर सरकवावी तितकी ती फुगते आणि प्ले कमी होतो.

बेअरिंगवरचा नंबर वाचता आला तर निम्मे काम झाले. मेट्रिक बेअरिंगमध्ये ०४ पासून पुढे शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणले की बोअर मिळतो. उदाहरणार्थ, ३२०१३ या टेपर रोलरचा बोअर ६५ मि.मी., बाहेरचा व्यास १०० मि.मी. आणि रुंदी २३ मि.मी. असते. परदेशी बनावटीच्या जुन्या लेथमध्ये इंची मापाचे टेपर रोलर असू शकतात. त्यांचे आतल्या कोनचे आणि बाहेरच्या कपचे नंबर वेगवेगळे असतात आणि ते दोन्ही लिहून घ्यावे लागतात. नंबर पुसला गेला असेल तर बोअर, बाहेरचा व्यास आणि रुंदी मायक्रोमीटरने मोजावी. व्हर्नियरवर विसंबून राहिल्यास मेट्रिक आणि इंची मापाची गल्लत होण्याचा धोका असतो.

साधे बेअरिंग चालेल की प्रिसिजनच घ्यावे?

आकार तोच असला तरी अचूकतेचे वर्ग वेगळे असतात. मोटारीच्या चाकात बसते ते साधारण वर्गाचे बेअरिंग. त्यापुढे पी६, पी५ आणि पी४ असे वर्ग क्रमाने अधिक अचूक होत जातात. साधारण वर्गाच्या बेअरिंगच्या रेसमध्येच इतका रनआउट असू शकतो, की स्पिंडलच्या नाकावर ०.०१ मि.मी. मिळणे नशिबावर अवलंबून राहते. माझे मत स्पष्ट आहे: मूळ बेअरिंगवर जो वर्ग कोरलेला आहे त्याच्या खाली जाऊ नये आणि पैसे मर्यादित असतील तर पुढचे बेअरिंग अचूक वर्गाचे घेऊन मागचे एक पायरी खालचे घ्यावे. चकाजवळच्या बेअरिंगची चूक जॉबवर मोठी होऊन उतरते, तर मागच्याची तुलनेने कमी उतरते. चरकाचे रोल आणि शेतीच्या अवजारांची ओबडधोबड कामेच करायची असतील, तर साध्या वर्गानेही लेथ चालतो. पण बेअरिंगची बसक उतरवण्याचे काम त्याच्याकडून अपेक्षू नये.

गनमेटल बुशच्या लेथमध्ये रोलर बेअरिंग बसवून घ्यावे का?

नाही. रोलर बसवायचे तर हेडस्टॉक बोअर करून मोठा करावा लागतो, भिंत पातळ होते आणि दोन्ही बोअर एका रेषेत आणि बेडला समांतर ठेवणे साध्या शेडमध्ये जमत नाही. नीट स्क्रॅप केलेली, म्हणजे स्क्रॅपरने बारीक खरवडून जुळवलेली, बुश उत्तम फिनिश देते आणि धक्काही चांगला सोसते. कोल्हापुरात गनमेटल ओतून देणारे अनेक आहेत, तेव्हा बुश मिळणे ही अडचण नाही. बुश झिजली आहे पण जर्नल (स्पिंडलचा बेअरिंगमध्ये बसणारा भाग) गुळगुळीत आहे, अशी स्थिती असेल तर आधी कॅपखालच्या शिम्स (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) कमी करून पाहाव्यात. त्याने भागले नाही, तर नवी बुश बसवून स्पिंडलला मार्किंग ब्लूचा अगदी पातळ हात फिरवावा, स्पिंडल बुशमध्ये फिरवून काढावे आणि जिथे निळे लागले तेवढेच स्क्रॅपरने घ्यावे. एका चौरस इंचात दहा-बारा ठिपके सारखे पसरून दिसेपर्यंत हे करत राहावे लागते, आणि त्यात दोन-तीन दिवस सहज जातात.

स्पिंडल बाहेर काढताना कोणती काळजी घ्यावी?

बहुतेक लेथमध्ये स्पिंडल टेलस्टॉकच्या दिशेने बाहेर येते, कारण पुढचा जर्नल मागच्यापेक्षा मोठा असतो. तरीही आपल्या लेथची मांडणी पाहूनच दिशा ठरवावी. चक उतरवावा, बेडवर लाकडी फळी टाकावी, तेल काढून टाकावे, मागच्या बाजूची गिअर ट्रेन आणि पुली सोडवावी, चेकनट, लॉक वॉशर आणि सर्कलिप काढाव्यात. हेडस्टॉकच्या आत एखादी सर्कलिप किंवा ग्रब स्क्रू तेलाच्या गाळाखाली दडलेला असतो आणि तो न पाहता ठोकायला सुरुवात करणे ही सर्वात महागात पडणारी चूक ठरते. स्पिंडल पुढे सरकत जाईल तसे त्यावरचे गिअर आणि स्पेसर एकेक करून मोकळे होतात. ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तोंडाने होते, याचे फोटो मोबाइलवर काढावेत आणि ते एका दोरीत त्याच क्रमाने ओवून ठेवावेत.

जोर लावायचा तो पुलरने किंवा स्पिंडलच्या बोअरमधून लांब स्टड आणि जाड प्लेट घालून. ठोकावेच लागले तर मध्ये पितळी किंवा तांब्याचा दांडा असावा. बाहेरची रेस हाउसिंगमध्ये घट्ट अडकली असेल आणि मागून ठोकायला जागाच नसेल, तर रेसच्या आतल्या पृष्ठभागावर वेल्डिंगचा एक गोल वळसा द्यावा. वेल्ड थंड होताना आकसतो, रेसला आत ओढतो आणि ती बहुतेक वेळा हाताने निघते. रेस अर्थातच वाया जाते, पण हाउसिंग वाचते. त्यासाठी बिडावर ठिणग्या पडू नयेत म्हणून ओले कापड लावावे.

निघालेले जुने बेअरिंग फेकून द्यावे का?

लगेच तर मुळीच नाही. ते रॉकेलमध्ये धुऊन, कोरडे करून, उजेडात तिरपे धरून पाहावे. बेअरिंग का गेले हे त्या रेसवर लिहिलेले असते, आणि ते कारण दूर केले नाही तर नवे बेअरिंगही त्याच वाटेने जाते.

रेसवर धातूचे पापुद्रे निघाले असतील तर ते भाराने आणि वयाने थकले आहे. सर्वत्र बारीक घासल्यासारखी मंद छटा असेल तर बिडाची भुकटी तेलात मिसळलेली होती. फौंड्रीची कास्टिंग कातणाऱ्या लेथवर हे फार दिसते आणि त्याचा अर्थ पुढचे सील किंवा कव्हर निकामी झाले आहे. निळसर-तपकिरी रंग आला असेल तर तेल कमी पडले किंवा नट फाजील आवळला गेला. रोलरांमधल्या अंतराइतक्या अंतरावर एकसारखे खड्डे असतील तर चकावर जबर धक्का बसला आहे, किंवा लेथ जड चकासह ट्रकमधून दूरवर हेलकावे खात आला आहे. लेथ हलवताना चक आधी उतरवून ठेवावा, हे त्यामुळेच.

एक खूण विशेष सांगण्यासारखी आहे. रेसवर धुणे धुण्याच्या खडबडीत फळीसारख्या जवळजवळ, आडव्या, करड्या रेघा दिसल्या, तर बेअरिंगमधून वीज वाहिली आहे. आपल्याकडे झिजलेला शाफ्ट चकात धरून त्याच्यावर वेल्डिंगने भर घालण्याची पद्धत सर्रास आहे आणि अर्थिंगचा क्लॅम्प बेडला लावलेला असतो. मग सगळा करंट जॉबमधून चकात, चकातून स्पिंडलमध्ये आणि बेअरिंगच्या रोलरांमधून हेडस्टॉकमध्ये उतरतो. माझ्या शेडमधल्या एका लेथचे नवे बेअरिंग अवघ्या चार महिन्यांत वाजू लागले, तेव्हा रेसवर याच रेघा निघाल्या आणि दोष कोणत्या सवयीत आहे ते समजले. शाफ्टवर भर घालायची असेल तर तो लेथवरून उतरवून घालावी. ते शक्य नसेल, तर अर्थिंगचा क्लॅम्प थेट जॉबलाच, वेल्डच्या जवळ लावावा आणि बेडला कधीही लावू नये.

स्पिंडलचा जर्नल किंवा हाउसिंगचा बोअर झिजला असेल तर काय करावे?

नवे बेअरिंग आणण्यापूर्वी मायक्रोमीटरने जर्नल आणि बोअर गेजने हाउसिंग, प्रत्येकी किमान दोन जागी आणि दोन दिशांनी मोजावे. आतली रेस स्पिंडलवर घसरून फिरलेली असेल तर जर्नलवर चकाकणारा पट्टा दिसतो. अशा वेळी पातळ पत्रा गुंडाळणे, पंचाने ठिपके मारून जर्नल फुगवणे किंवा चिकटद्रव्यावर भरवसा ठेवणे हे उपाय पंपाच्या शाफ्टला एकवेळ चालतील, लेथच्या स्पिंडलला चालत नाहीत. योग्य उपाय म्हणजे जर्नलवर हार्ड क्रोम चढवून सिलिंड्रिकल ग्राइंडिंगने माप आणणे. ग्राइंडिंग करणाऱ्याला माप सांगताना दोन्ही जर्नल, नाक आणि आतला मोर्स टेपर हे सगळे एकाच सेटिंगच्या अक्षावर तपासून देण्याची अट घालावी, कारण प्रत्येक जर्नल वेगळा गोल असून उपयोग नाही. ते एकमेकांशी एकाक्ष असले पाहिजेत.

पुढची आतली रेस स्पिंडलवर घट्ट बसावी लागते. ज्या बाजूला चेकनटने प्ले काढायचा असतो, त्या मागच्या रेसला मात्र स्पिंडलवर सरकता आले पाहिजे. दोन्ही घट्ट केल्या, तर नट आवळूनही रेस सरकत नाही आणि अचानक जोराने सरकली की प्रीलोड (प्ले संपल्यावर बेअरिंगवर मुद्दाम ठेवलेला दाब) फाजील होतो.

नवे बेअरिंग चढवण्याची योग्य रीत कोणती?

बसवायच्या क्षणापर्यंत बेअरिंग पाकिटातून काढू नये. त्यावरचे संरक्षक तेल सामान्यतः धुऊ नये आणि हवेच्या नळीने ते गरगर फिरवू तर अजिबात नये. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात हवा इतकी दमट असते, की घामट हाताचा ठसा उघड्या रेसवर एका रात्रीत तांबूस गंज धरतो. म्हणून त्या दिवसांत हातमोजे घालावेत आणि शेडमध्ये ग्राइंडर बंद ठेवून काम करावे.

आतली रेस तेलात ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी, १२० च्या वर कधीही जाऊ देऊ नये आणि गॅसची ज्योत थेट लावू नये. पातेल्याच्या तळाला रेस टेकू नये म्हणून ती तारेवर लोंबकळत ठेवावी. ६५ मि.मी. बोअरची रेस ७० अंशांनी तापली की सुमारे ०.०५ मि.मी. फुगते, आणि तेवढ्यात ती स्पिंडलवर हाताने, कसलाही ठोका न देता सरकते. येथे एक बारीक गोष्ट हातून सुटते. रेस थंड होताना रुंदीतही आकसते आणि स्पिंडलच्या खांद्यापासून किंचित दूर होते. म्हणून ती थंड होईपर्यंत नटने किंवा नळीने खांद्यावर दाबून धरावी आणि नंतर फीलर गेजचे सर्वात पातळ पान मध्ये जात नाही ना, ते चारही बाजूंनी पाहावे.

अचूक बेअरिंगवर रेसच्या सर्वाधिक रनआउटची जागा खुणेने दाखवलेली असते. पुढच्या आणि मागच्या बेअरिंगच्या या खुणा स्पिंडलवर एकाच बाजूला ठेवल्या, तर नाकावर येणारी चूक कमी होते. विरुद्ध बाजूला ठेवल्या तर ती वाढते. टेपर रोलरचे कप आणि कोन एकमेकांत बदलू नयेत. जोडीने आलेल्या अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगवर कोरलेली इंग्रजी व्ही अक्षरासारखी खूण तुटणार नाही, अशीच जोडी बसवावी.

प्रीलोड किती द्यावा?

आकडा लेथच्या पुस्तकात दिलेला असेल तर तोच पाळावा. पुस्तक हरवलेले असेल, आणि ते बहुधा हरवलेलेच असते, तर रीत अशी: बेल्ट आणि गिअर सोडवलेले असताना डायल स्पिंडलच्या तोंडावर लावावा आणि मागे-पुढे हालचाल नुकतीच शून्य होईपर्यंत नट आवळावा. मग स्पिंडलच्या नाकावर दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढावी आणि स्पिंडल एका गतीने फिरत असताना काटा किती दाखवतो ते लिहून ठेवावे. नट पुढे अगदी थोडा आवळून ओढ पुन्हा मोजावी. ओढ थोडीच वाढावी. एकदम दुप्पट-तिप्पट झाली, तर नट फाजील आवळला गेला आहे.

त्यानंतर लेथ सर्वात कमी वेगावर अर्धा तास चालवावा आणि मग अर्ध्या-अर्ध्या तासाने वेग वाढवत न्यावा. दर वेळी पुढच्या बेअरिंगवरच्या बिडाचे तापमान मोजावे. शेडमधल्या हवेपेक्षा २० ते ३० अंशांची वाढ समाधानकारक समजावी. कोल्हापुरात एप्रिलमध्ये शेडच हवा तापवते, म्हणून नुसता आकडा न पाहता हवेशी असलेला फरक पाहावा. वाढ थांबतच नसेल तर लेथ बंद करून, पूर्ण थंड होऊ देऊन नट किंचित सैल करावा. तापलेल्या अवस्थेत नटाला हात लावू नये. स्पिंडल गरम होऊन जे माप आले, त्यावर केलेली सेटिंग थंड झाल्यावर चुकीची ठरते.

तेल कोणते घालावे?

हेडस्टॉकवरच्या पाटीवर जे लिहिले आहे ते. पाटी नसेल तर रोलर बेअरिंगच्या हेडस्टॉकला ३२ ते ६८ व्हिस्कॉसिटी ग्रेडचे हायड्रॉलिक तेल बहुधा योग्य ठरते, आणि बुशच्या वेगवान स्पिंडलला त्याहून पातळ स्पिंडल ऑइल लागते. मोटारीचे ९० नंबरचे गिअर ऑइल किंवा काढलेले इंजिन ऑइल घालू नये. ग्रीसवर चालणाऱ्या बेअरिंगमध्ये मोकळ्या जागेच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या भागाइतकेच ग्रीस भरावे. गच्च भरलेले ग्रीस घुसळले जाते आणि बेअरिंगला तापवते. पहिल्या पन्नास तासांनी तेल बदलावे, कारण कितीही धुतले तरी हेडस्टॉकच्या कोपऱ्यांत जुना गाळ राहतोच.

बनावट बेअरिंग कसे टाळावे?

अधिकृत वितरकाकडून बिलासह घेणे हाच भरवशाचा मार्ग आहे. मी एकदा घाईत, निम्म्या भावात मिळते म्हणून एका दुकानातून टेपर रोलर घेतले. खोका हुबेहूब होता. मात्र रेसवरचा नंबर उथळ आणि वेडावाकडा कोरलेला होता, तो नखाला लागत होता, आणि रोलरांच्या तोंडांवर ग्राइंडिंगच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. दोन आठवड्यांत प्ले आला आणि सगळी उस्तवार पुन्हा करावी लागली. मोठ्या कंपन्यांची बेअरिंग खरी आहेत का, हे फोटो पाठवून तपासण्याची मोबाइलवरची सोयही आता उपलब्ध आहे; तिचा उपयोग पाकीट फोडण्यापूर्वी करावा.

काम नीट झाले, हे शेवटी कसे तपासावे?

आधी बेडची लेव्हल पुन्हा पाहावी, कारण पिळलेल्या बेडवर कोणतीच चाचणी खरी ठरत नाही. मग स्पिंडलच्या टेपरमध्ये टेस्ट मँड्रेल (तपासणीचा अचूक दांडा) बसवून नाकाजवळ आणि ३०० मि.मी. अंतरावर रनआउट घ्यावा. साध्या लेथला नाकाजवळ ०.०१ आणि दूरच्या टोकाला ०.०२ मि.मी. ही मर्यादा धरतात. मँड्रेल अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावा आणि दोन्ही मोजमापांची सरासरी काढावी, म्हणजे मँड्रेलची स्वतःची चूक गळून जाते.

त्यानंतर प्रत्यक्ष कातून पाहावे. चकात जाडसर दांडा टेलस्टॉकचा आधार न देता धरावा, त्याच्या दोन्ही टोकांना साधारण १५० मि.मी. अंतरावर दोन कॉलर ठेवून मधला भाग उतरवावा आणि धारदार टूलने दोन्ही कॉलरवर एकाच सेटिंगमध्ये बारीक कट घ्यावा. प्रत्येक कॉलर चार दिशांनी मोजली असता गोलाईतला फरक मायक्रोमीटरवर जवळजवळ दिसू नये. तो दिसला तर दोष अजून बेअरिंगमध्ये किंवा जर्नलमध्ये आहे. प्रत्येक कॉलर गोल आहे, पण दोन कॉलरच्या व्यासांत फरक आहे, तर बेअरिंगला हात न लावता हेडस्टॉकचे बोल्ट सैल करून तो बेडशी जुळवून घ्यावा आणि तोच कट पुन्हा घ्यावा.